भिंतीची पोर डोकं हलवते

९ जानेवारी, शुक्रवार

नाक मोडलं आहे. डॉक्टरांनी तीन आठवडे ठोसे खायला मनाई केली आहे, जणू काही मी ते चवीसाठी खाते. क्लबवर जायचं नाही, दोरीवरच्या उड्या नाहीत, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. संध्याकाळी करायचं काय? म्हणून आमच्या काचेच्या दुकानातली मापांची जुनी वही उचलली. पुढून लोकांच्या खिडक्या, मागून मी.

झालं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. रविवारी बॉक्सिंगच्या निवडीची लढत होती. समोर डावखुरी. ती उजवा हात पुढे ठेवून उभी राहते, त्यामुळे तिचा जोरातला डावा हात अशा बाजूनं येतो की आपलं लक्षच नसतं. पहिल्या फेरीत तो आला, दुसऱ्या फेरीत पुन्हा पुन्हा आला. मी पुढे गेले. मला पुढेच जाता येतं. तिसऱ्या फेरीत तो नाकावर आला आणि कोरडी काडी मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. तरी मी शेवटच्या घंटेपर्यंत उभी होते. पाचही पंचांनी तिला कौल दिला.

कोपऱ्यात बाबा म्हणाले, "पडली नाहीस." आमच्या घरात यापेक्षा मोठं बक्षीस नाही.

मार्चअखेर निवडीची आणखी एक लढत आहे, शेवटची संधी. समोर पुन्हा तीच असणार. मी जाणार. लिहिलं आहे, आता पान फाडता येत नाही, पलीकडे कुणाच्या तरी स्वयंपाकघराची मापं आहेत.

१४ जानेवारी, बुधवार

बाबांशी वाजलं.

बाबांचं काचेचं दुकान, आणि मी तेवीस वर्षांची झाले तरी त्या दुकानातली दोन नंबरची. संध्याकाळी ते क्लबवर मुलामुलींना शिकवतात. तरुणपणी ते लढायचे, तेव्हा लोक त्यांना 'भिंत' म्हणायचे. कितीही मारा, भिंत हलायची नाही. भिंतीलाही कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीचा डावा कान बारा वर्षांपूर्वीच गेला, त्यामुळे भांडायचं तर उजव्या बाजूला जाऊन भांडावं लागतं.

तर मी उजव्या बाजूला जाऊन म्हटलं, मला ठोसे चुकवायला शिकवा. डोकं हलवायला शिकवा. मार्चमध्ये मला पुन्हा नाक मोडून घ्यायचं नाही.

ते म्हणाले, "डोकं हलवतो तो मनातून आधीच पळालेला असतो. एक घे, दोन दे."

मी म्हटलं, मी अकरा घेतले आणि तीन दिले, तुमचा हिशेब कुठे चुकला ते सांगा. आकडा आईचा आहे. ती लढत बघत नाही, मान खाली घालून नुसते आवाज मोजते.

बाबा उठून गेले. शाळकरी पोरासारखं दार आपटलं. आजकाल कशानंही भडकतात. सकाळी हनुवटीवर दोन ठिकाणी कागदाचे कपटे चिकटवलेले होते. मी म्हटलं, ब्लेड बदला. म्हणाले, ब्लेड चांगलं आहे, आरसा वाकडा आहे. काचवाल्याच्या घरात आरसा वाकडा.

२० जानेवारी, मंगळवार

आज एक विचित्र गोष्ट झाली.

सकाळी बाबांनी एक पत्ता दिला. सलूनमधला आरसा तडकला आहे, माप घे, काच काप आणि तूच बसवून ये. एवढा मोठा आरसा ते मला एकटीला कधी देत नाहीत. वाटलं, रुसवा काढायची त्यांची ही पद्धत असेल.

दोनच खुर्च्यांचं स्वच्छ सलून. मालक साठीचे, पाठ सरळ, हातात वस्तरा. आरशाच्या कोपऱ्यात नखाएवढा तडा. एवढ्याशा तड्यासाठी कोणी आरसा बदलत नाही, पण आपल्याला काय, गिऱ्हाईक म्हणेल ते. माप घेताना भिंतीवरचा फोटो दिसला. दोन तरुण, दोघांच्या हातात मोजे. एकाचा डोळा सुजून बंद झालेला आणि दुसऱ्याच्या तोंडावर ओरखडाही नाही. सुजलेले बाबा होते.

म्हणजे हा पळपुट्या.

आमच्या घरात हे नाव मी जन्मापासून ऐकते आहे. दहा वर्षांची होईपर्यंत मला ते आडनाव वाटायचं. बाबा त्याच्याशी तीनदा लढले, दोनदा गुणांवर हरले, आणि अजून म्हणतात की त्याला पळापळीची शर्यत जिंकल्याचा बिल्ला द्यायला हवा होता. तीस वर्षांत एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत.

काकांनी (पळपुट्या कसं म्हणू तोंडावर?) माझ्या नाकाकडे पाहिलं आणि विचारलं, "डावखुरीचा डावा ना? आणि तुझा उजवा हात खाली आलेला होता."

मी विचारलं, तुम्ही होतात तिथे? म्हणाले, गावाला कळतं. मग आरशासमोर उभं राहून मान जेमतेम चार बोटं बाजूला नेली आणि परत आणली. तेवढंच. पण त्या क्षणी ते तिथे नव्हतेच, असं वाटलं.

म्हणाले, "दुकान आठला उघडतं. सहाला ये. ठोसा एकही बसणार नाही, त्यामुळे डॉक्टरांचीही हरकत नसेल."

"बाबांना कळलं तर?"

"तू सांगणार आहेस?"

"नाही."

"मग झालं."

बाबांना हे सलून कुणाचं ते माहीत नसणार, नाहीतर मला पाठवलंच नसतं. घरी आल्यावर विचारलं, बसला का आरसा? म्हटलं, बसला. अजून काही? म्हटलं, नाही. मी इतकं धडधडीत खोटं पहिल्यांदाच बोलले आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस झाले. मांड्या दगड झाल्या आहेत.

मला वाटलं होतं, डोकं हलवायचं म्हणजे मान हलवायची. काकांनी दोन खुंट्यांमध्ये, माझ्या खांद्याच्या उंचीवर दोरी बांधली. दोरीखालून या बाजूला, मग त्या बाजूला, एक पाऊल पुढे, पुन्हा. पहिल्या दिवशी मी कमरेतून वाकले तर ओल्या टॉवेलचा फटका पाठीवर आला.

"वाकून नमस्कार करू नकोस. ती काही तुझी आजी नाही. गुडघ्यातून जा. डोकं नुसतं वर बसलेलं असतं, त्याला नेतात पाय."

दुसरा धडा, किती हलायचं. मी हातभर हलत होते. त्यांनी वस्तरा मिटून माझ्या गालाजवळून नेला. म्हणाले, लागत नाही ना? मग एवढंच अंतर पुरे. जास्त हललीस तर परत यायला उशीर, आणि परत येऊन मारलं नाहीस तर तो नाच झाला.

आमच्या क्लबात चार वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांना कळलंच. जेवताना म्हणाले, "पळपुट्याकडे जातेस म्हणे."

आईचा हात पातेल्यावर थांबला. मी ठरवलं होतं की विचारलं तर खोटं बोलायचं नाही. म्हटलं, जाते. आणि जाणार.

"माझी पोर त्याच्या दारात."

"हो. चुकवायला शिकते आहे. तुम्ही शिकवलं नाहीत म्हणून."

"मग जा," ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला. तोंड जरा वाकडं झालं होतं, तिरस्कारानं असणार. मला तर हसल्यासारखं वाटलं, पण माझ्या बापाला त्या माणसाच्या नावानं हसू येणं शक्य नाही.

पेटले आहे मी. आता शंभर लोकांनी अडवलं तरी सहाला तिथे असणार.

बाकी, हल्ली मी निघायच्या वेळी बाबा स्वयंपाकघरात भांडी वाजवत असतात. पाळत ठेवतात. आज तर ओट्यावर माझ्यासाठी चहा करून ठेवला होता, त्यात साखर दोनदा. मुद्दाम.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात गिऱ्हाइकासमोर शोभा. शाळेच्या सहा खिडक्या होत्या. मापं मी घेतलेली, वहीत स्वच्छ अक्षरात. बाबांनी सहाच्या सहा काचा अडीच बोटं आखूड कापल्या. मी दाखवलं तर म्हणाले, तू चुकीचं लिहिलंस. वही समोर धरली. त्यांनी आकड्यांकडे खूप वेळ पाहिलं, जणू ते दुसऱ्या लिपीत आहेत. मग कटर टेबलावर टाकून बाहेर गेले.

पोरगी शत्रूकडे शिकते याचा राग आहे, दुसरं काय. पण तो काचेवर का काढायचा? मी सगळ्या पुन्हा कापल्या. हात कापला. लिहवत नाही फार.

एक मात्र आहे, त्यांच्या हनुवटीवरचे कपटे गेले. दाढी अशी गुळगुळीत की लग्नाला निघाल्यासारखी. गालाला तुरटीचा वास. माझ्याशी बोलायला वेळ नाही, नटायला आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी बाबांशी बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

माझी खरी खोड सापडली. मी डोळे मिटते.

काकांनी हातात मऊ मोजे घालून हळू ठोसे टाकले. मी उजवीकडे, डावीकडे, दोन चुकवले, तिसरा गालावर. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मग त्यांनी मला आरशासमोर उभं केलं (मीच बसवलेला आरसा) आणि मागून ठोसा टाकल्यासारखं केलं. खांदा हलताच माझे डोळे गच्च बंद.

म्हणाले, डोळे मिटून चुकवणं म्हणजे अंधारात रस्ता ओलांडणं. मोज्याकडे बघू नकोस, मोजा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. छातीकडे बघ. खांदा आधी सांगतो. तुझ्या बापाचा खांदा तर भाषण करायचा, म्हणून मला तो सापडायचा.

मी विचारलं, बाबा डोकं का हलवायचे नाहीत? त्यांनी वस्तरा पुसला. म्हणाले, "त्याला लोक पैजेवर बघायला यायचे, की कोण याला पाडतो. तो पडला नाही. टाळ्या त्याला मिळायच्या, मला नाही. टाळ्या सोडवत नाहीत."

आज शेवटी दहापैकी सात उघड्या डोळ्यांनी. पाणी येत होतं, पण उघडे.

५ मार्च, गुरुवार

बाबा हरवले होते.

सकाळी दोन गल्ल्या पलीकडे खिडकीचं माप घ्यायला गेले. दुपार झाली तरी पत्ता नाही. गिऱ्हाइकाचा फोन आला, कुणी आलंच नाही. मी आणि आई दोन बाजूंना धावलो. ते मला एका इमारतीच्या जिन्यात सापडले. टेप हातात, एका बंद दारासमोर उभे. किती वेळ उभे होते देव जाणे. माझ्याकडे पाहून म्हणाले, "ही कुठली फेरी?"

मला वाटलं, चेष्टा करतात. मी हसले. मग त्यांचा हात धरला आणि हसू तिथेच राहिलं. हात पक्ष्यासारखा थरथरत होता.

९ मार्च, सोमवार

मोठ्या डॉक्टरांकडे. तपासण्या. आजाराचं नाव लांबलचक आहे, कागदावर आहे, मला वहीत नको.

डॉक्टरांनी विचारलं, लढताना किती वेळा बेशुद्ध पडलात? बाबा खुर्चीत ताठ झाले. "एकदाही नाही."

बाबांना बाहेर बसवल्यावर डॉक्टर म्हणाले, पडले असते तर बरं झालं असतं. पडलेल्याची लढत थांबते, त्याला महिना दोन महिने विश्रांती मिळते. हे उभे राहिले, आणि उभं राहून हजारो खाल्ले. त्याचा हा जमाखर्च. बरं होणार नाही, वेग मात्र कमी करता येईल. शिडी बंद, एकट्यानं काच कापणं बंद. चालणं, तोल सांभाळायचा व्यायाम चालू ठेवा.

रिक्षात मला एकेक आठवत गेलं. सहा खिडक्या. चहातली साखर. हनुवटीवरचे कपटे. मी काय काय लिहून ठेवलं आहे या वहीत. 'मुद्दाम' लिहिलं आहे. मागे जाऊन खोडणार होते, पण नाही खोडत. राहू दे. वाचून लाज वाटली पाहिजे.

१० मार्च, मंगळवार

आईनं माझे मोजे कपाटात ठेवून कुलूप लावलं. ती कधी आवाज चढवत नाही. शिवणाच्या कारखान्यात बावीस वर्षं मशीनच्या गोंगाटात बसून तिला हळू बोलायची सवय लागली आहे, ऐकायचं त्यानं कान द्यावा.

म्हणाली, "या घरानं एक डोकं दिलं. पुरे झालं."

मी म्हटलं, मी तेच तर शिकते आहे, डोकं न द्यायचं. आई म्हणाली, तुझे बाबाही म्हणायचे, मला काही होत नाही.

११ मार्च, बुधवार

दुपारी सलूनवर गेले. काकांना सांगायचं होतं की आता दुकान माझ्या गळ्यात आहे, काही दिवस जमणार नाही. मोजेही कपाटात आहेत हे सांगायचं नव्हतं.

काचेतून पाहिलं तर खुर्चीत बाबा.

मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, तोंडाला फेस. गळ्यावर वस्तरा, आणि वस्तरा धरणारा पळपुट्या. बाबा झोपले होते. घोरत होते चक्क.

मी आत गेले. काकांनी बोट ओठांवर ठेवलं, दाढी पुरी केली, तुरटी फिरवली, आणि मग मला दाराशी घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. आमचं वाजल्यावर चौथ्या दिवशी बाबा त्यांच्या दारात आले. तीस वर्षांनी. खुर्चीत बसून म्हणाले, दाढी कर, माझा हात राहत नाही. अर्धी दाढी झाल्यावर म्हणाले, "माझं शिकवून झालं. तिचं नाक मोडलं. आता तुझं शिकव. आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. माझी पोर आहे, मी सांगितलेलं करणार नाही."

म्हणजे तो नखाएवढा तडा. तो पत्ता. तो चहा.

पायरी उतरले आणि भराभर चालत सुटले. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं.

१२ मार्च, गुरुवार

राग आला आहे. येऊ नये अशी वेळ आहे, हे कळतं, तरी आला आहे. दोन महिने मी छाती काढून फिरत होते की बघा, बापाविरुद्ध उभी राहिले. आणि ते बंडही बापानंच आखून, मापात कापून मला बसवून दिलेलं.

संध्याकाळी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. आज त्यांचा दिवस चांगला होता.

म्हटलं, "मला कळलं आहे. तुम्हीच पाठवलंत."

"मग आता जाणार नाहीस?"

"जाणार."

"का?"

"मला जायचं आहे म्हणून. तुमच्यासाठी नाही. त्यांच्यासाठी नाही."

बाबांनी मान डोलावली. "हेच मी त्याला म्हटलं होतं," म्हणाले.

माझा सगळा राग तिथेच फुस्स झाला. असल्या माणसाशी भांडून उपयोग काय.

१५ मार्च, रविवार

आईशी करार झाला.

मी तिला म्हटलं, मान वर करून बघायला ये. आवाज मोजू नकोस, डोक्याला लागलेले ठोसे मोज. तीन फेऱ्यांत किती झाले तर मी मोजे कायमचे सोडू, ते तू सांग.

तिनं हातातली उसवलेली बाही शिवून संपवली. मग म्हणाली, पाच. सहावा लागला की संपलं, जिंकलीस तरी संपलं.

मागच्या खेपेला अकरा होते. मी म्हटलं, ठीक. आईनं किल्ली दिली. ती देताना तिनं माझ्या नाकाकडे पाहिलं नाही, डोळ्यांकडे पाहिलं, आणि डोळे मिटले नाहीत माझे.

२१ मार्च, शनिवार

सकाळी सहा, दिवसभर दुकान, संध्याकाळी क्लब. सेक्रेटरींनी सांगितलं, बाबांच्या जागी ते स्वतः माझ्या कोपऱ्यात बसतील. मी म्हटलं, माझ्या कोपऱ्यात सलूनवाले काका बसतील. ते म्हणाले, नियमात बसत नाही, ते आपले सभासद नाहीत. मी म्हटलं, मग आजच सभासद करून घ्या, अर्ज मी भरून आणला आहे. होता माझ्या खिशात.

बाबांनी आज मला दोनदा आत्याच्या नावानं हाक मारली. दोन्ही वेळा ओ दिली.

२८ मार्च, शनिवार

आज लिहिलं नाही तर उद्या गोड करून लिहीन.

काका माझ्या कोपऱ्यात, नव्या सभासदाचा बिल्ला लावून. आई आणि बाबा तिसऱ्या ओळीत. आई मान वर करून बसली होती, उजवा हात मांडीवर, मूठ मिटलेली.

पहिली फेरी. डावखुरीला जानेवारीतली मी हवी होती. ती चालत आली आणि डावा सोडला, अगदी नाकाच्या जुन्या पत्त्यावर. पण खांदा आधी बोलला. मी उजवीकडे चार बोटं सरकले. तिचा हात माझ्या कानाजवळून गेला, वारा लागला. सगळं वजन उजव्या पायावर आलेलं होतं, तिथून उजवा हात सरळ तिच्या बरगड्यांत. ती 'हं' म्हणाली. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. फेरीत मला दोन लागले.

दुसरी फेरी. ती चिडली, बाजूनं वळवून हूक मारायला लागली. मी खाली, दोरीखालून गेल्यासारखी, पलीकडे वर. तीनदा तिचे हात हवेतच फिरले आणि तिसऱ्यांदा ती स्वतःच्याच जोरानं वळली. मग मी शहाणी झाले. मजा वाटायला लागली, हातभर हलायला लागले, आणि परत यायला उशीर झाला. एकामागून एक दोन. चार झाले. कोपऱ्यात काकांनी तोंडावर पाणी मारलं आणि एवढंच म्हणाले, "नाच थांबव."

तिसरी फेरी. इथे लोक सुरू झाले. मागून एकजण ओरडला, पळपुटी. मग आणखी चारपाच. उभी राहा की, एक तरी घे. आणि खरं लिहिते, माझ्या पायांना ते ऐकू आलं. रक्तच आहे ते. मी एक क्षण थांबले, सरळ, भिंतीसारखी. तिचा उजवा कपाळावर बसला. पाच.

तिथे मला एवढा राग आला, तिचा नाही, त्या ओरडणाऱ्यांचा. त्यांना माझं डोकं हवं होतं. फुकट. बापाचं नेलं, आता पोरीचं. मनात म्हटलं, मिळणार नाही. उरलेली दोन मिनिटं मी त्यांना काही दिलं नाही. ती आली की मी तिथे नाही, ती थांबली की माझा हात. शेवटच्या दहा सेकंदांत तिचा डावा माझ्या डाव्या कानाला चाटून गेला. लागला की घासला, मला सांगता येणार नाही. घंटा झाली.

तीन विरुद्ध दोन. मला.

मी पंचांकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं. तिनं हात वर केला. पाच बोटं, ताणलेली.

२९ मार्च, रविवार

आई म्हणते पाच. मला सहा आठवतात. दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाली, मोजणारी मी आहे, आणि उठून मशीनवर बसली.

तिनंच सांगितलं की तिसऱ्या फेरीत बाबा उठून मागे वळले होते. पळपुटी म्हणून ओरडणाऱ्या माणसाला म्हणाले, "माझी मुलगी आहे ती. जा, आत जाऊन एक लावून दाखव." तो माणूस खाली बसला. मग बाबा उभेच राहिले, मागच्यांनी कितीही सांगितलं तरी बसले नाहीत.

रात्री जेवताना मला विचारलं, कितव्या फेरीत पडली ती? म्हटलं, पडली नाही, गुणांवर जिंकले.

"तसंही जिंकता येतं," म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

६ एप्रिल, सोमवार

पुढची लढत जूनमध्ये, दुसऱ्या शहरात. आज पुन्हा सरावाला सुरुवात. निघताना बाबा कपडे करून दारात उभे. मला वाटलं, गोंधळले. म्हटलं, बाबा, दुकान नऊला. म्हणाले, दुकानात कोण चाललंय.

वाटेत माझा हात धरला नाही. एका वळणावर थांबले, मी किती वेळ थांबते ते पाहिलं, मग बरोबर वळले.

सलूनमध्ये काकांनी नेहमीप्रमाणे खुर्ची पुसली, त्यांना वाटलं दाढी. बाबा खुर्चीकडे गेलेच नाहीत. दोरीपाशी जाऊन उभे राहिले. दोरी माझ्या उंचीची, त्यांच्या छातीशी आली. म्हणाले, वर बांध.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तोलाचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला आहे. काका म्हणाले, अरे, आता उशीर झाला, या वयात कुणाचे ठोसे चुकवणार आहेस? बाबा म्हणाले, तुला विचारलं नाही, दोरी बांध.

मी दोरी त्यांच्या खांद्यापर्यंत वर घेतली. बाबांनी मुठी वर केल्या. तेवीस वर्षांत हा माणूस कुणासाठी वाकलेला मी पाहिला नाही. पहिल्यांदा गेले तर डोकं दोरीला अडकलं. दुसऱ्यांदा कमरेतून वाकले. काकांचा टॉवेलचा हात वर गेला आणि मध्येच थांबला, मग त्यांनी तो टॉवेल खांद्यावर टाकला. तिसऱ्यांदा बाबा दोरीखाली गेले आणि अर्ध्यावर गुडघे अडकले, ना खाली ना वर. एक हात खुर्चीवर. कपाळावर घाम. आम्ही दोघं एकदमच पुढे झालो.

"हात लावू नका कुणी," बाबा दोरीखालूनच म्हणाले. "आधी कुठला गुडघा, तेवढं सांग."